प्रत्येक किल्लीत अक्काचा एक दात

जळगावहून एरंडोलकडे जाणाऱ्या हमरस्त्याला लागून मुलींचं एक दुमजली वसतिगृह होतं. आता त्या जागी मोटारसायकलींचं दुकान आहे आणि मागचा हौद बुजवून टाकलाय. तिथे राहिलेल्या मुली कुणी नाशकात, कुणी सुरतेत, कुणी आपल्याच तालुक्यात शाळेवर, अशा पांगल्या. लग्नाकार्यात दोघी भेटल्या, की आधी हिवाळ्यातल्या भरिताची आठवण निघते, मग हौदावरच्या रांगेची, आणि तिसरी आठवण हमखास अक्काची.

अक्का म्हणजे झुंबरबाई. वसतिगृहाची झाडलोट, पाणी, फाटक आणि आजारी मुलींची उस्तवार, सगळं तिच्याकडे. जिन्याखाली तिची खोली होती. खोली कसली, खाट टाकल्यावर चालायला जेमतेम जागा उरायची. पण दार तिचं होतं.

धरणगाव तालुक्यातल्या तिच्या सासरी धान्याच्या कोठीची किल्ली सासूच्या कमरेला असायची. सासू गेली तेव्हा किल्ली थोरल्या जावेकडे गेली. जाऊ वेगळी निघाली, तेव्हा ती आपल्या हाती येईल असं झुंबरबाईला वाटलं होतं. पण मूल नाही म्हणून नवऱ्याने तोवर दुसरी केली, आणि नव्या नवरीची हळद उतरायच्या आत किल्ली तिच्या कमरेला लागली. झुंबरबाई भांडली नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली ती परत गेलीच नाही. भाऊ निंबा जळगावला हमाली करायचा. त्याने कुणाकुणाच्या ओळखीने तिला वसतिगृहात लावून दिलं. येताना पत्र्याची एक पेटी होती, तिलाही कुलूप नव्हतं. "चोराले काय लुगडं नेसनं शे?" असं म्हणून ती हसायची.

सुरुवातीला प्रत्येक मुलगी कुलूप आपल्या घरून आणायची. मुलीला सोडायला आलेला बाप आधी बाजारात जाऊन कुलूप घ्यायचा, दोनदा ओढून पाहायचा आणि किल्ली लेकीच्या हातात अशी ठेवायचा, जणू शेतच नावावर करून देतोय. ही किल्ली मग एसटीत राहायची, मामाच्या गावी राहायची, हौदात पडायची. मुलगी रडवेली होऊन जिन्याशी आली, की झुंबरबाई खलातला बत्ता घेऊन वर जायची.

"अक्का, हळू हं! बापूंनी घेतलेलं कुलूप आहे."

"बापूंना म्हणा, पुढच्या वेळी कुलूप न्या नि पोर ठेवा. किल्ली तरी हरवणार नाही."

पण एकदा एक मुलगी स्टोव्हवर दूध ठेवून, खोलीला कुलूप लावून कॉलेजला निघून गेली. दाराच्या फटीतून धूर यायला लागला. पहारीने दार फोडावं लागलं. निभावलं ते थोडक्यात. तेव्हा संस्थेने ठरवलं की सगळ्या खोल्यांना एकसारखी कुलपं लावायची. मुलींच्या किल्ल्या वेगवेगळ्या, पण अडीअडचणीला सगळी कुलपं उघडेल अशी एक किल्ली वसतिगृहात असायला हवी. हे काम सुभाष चौकाजवळ बसणाऱ्या रुपचंद मिस्तरीला दिलं.

रुपचंद कुलपांचं पोतं घेऊन व्हरांड्यात येऊन बसला. कानशीच्या बारीक कुरकुरीने मुली वैतागल्या, झुंबरबाई मात्र हातातलं काम टाकून त्याच्यासमोर जाऊन बसली. एकच किल्ली सगळ्यांना कशी लागेल, हे तिच्या डोक्यात शिरत नव्हतं.

"बघा अक्का," रुपचंदने एक कुलूप खोलून तळहातावर धरलं. "हा मधला गोल दांडा. किल्ली फिरवली की हा फिरला पाहिजे. पण याला पाच भोकं आहेत, आणि प्रत्येकात एक पिन वरून खाली अडकून बसलीय. पिना आहेत तोवर दांडा हलत नाही."

"मग?"

"पिन अखंड नसते. दोन तुकडे, मध्ये जोड. किल्लीचा दात खालून पिनेला उचलतो. बरोबर उचलली, तर जोड दांड्याच्या काठाशी येतो. पाचही जोड एका रेषेत आले, की दांडा सुटला. एक दात जरी कमीजास्त झाला, तर एक पिन अडली, नि एक अडली की सगळं अडलं."

"म्हणजे पाच भाऊबंदांच्या सह्यांसारखं."

रुपचंद खो खो हसला. "बरोब्बर! आता तुमच्या किल्लीसाठी मी काय करतो, तर पिनेचे तीन तुकडे करतो. म्हणजे जोड दोन. एक मुलीच्या किल्लीच्या उंचीला, दुसरा तुमच्या. तिने उघडलं तरी उघडेल, तुम्ही उघडलं तरी उघडेल. तिची शेजारीण उघडायला गेली, तर नाही."

रुपचंदचं खरं नाव झालं होतं ते विहिरीवरच्या मोटारींच्या खोल्यांच्या कुलपांमुळे. खान्देशात विहिरी भाऊबंदांच्या. वाटणीत शेत तुटतं, विहीर तुटत नाही. मोटार सामाईक राहते आणि पाण्याच्या पाळ्या लागतात. मोटारीच्या खोलीला कुलूप एकच, आणि भाऊ चार. प्रत्येकाला स्वतःची वेगळी किल्ली हवी असते, म्हणजे कुणाची हरवली तर त्याचं नाव लगेच कळतं. अशी कुलपं रुपचंदच करायचा. त्यात त्याची एक खोड होती. म्हाताऱ्या बापाच्या किल्लीतला एक दात तो प्रत्येक मुलाच्या किल्लीत जसाच्या तसा ठेवायचा. घासायची मेहनत वाचायची हे एक; आणि दुसरं, तो म्हणायचा, "वाटणी झाली तरी बापाचं एवढं तरी पोरांकडे राहू द्यावं."

वसतिगृहाच्या किल्ल्या घासतानाही त्याने तेच केलं. मुलींच्या किल्ल्यांत अक्काच्या किल्लीचे दात पेरले, कुठे एक, कुठे दोन, काही किल्ल्यांत घाईघाईत राहूनही गेले. जाताना झुंबरबाईला म्हणाला, "अक्का, पोरींच्या किल्लीत तुमचा दात ठेवलाय. आठवण म्हणून."

झुंबरबाईने ही गोष्ट पुढे कित्येक दिवस मुलींना सांगितली. मुली तिला चिडवायच्या, "तरीच माझं कुलूप कुरकुरतं! अक्काचाच दात तो."

ती मोठी किल्ली तिने काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. आणि स्वतःशीच एक नियम केला: जिची खोली, ती शेजारी उभी असल्याखेरीज कुलपाला हात लावायचा नाही. आजारी मुलीचं पांघरूण आणायचं असलं, तरी तिची मैत्रीण बरोबर घ्यायची. रेक्टरबाईंनी हा नियम केला नव्हता. ज्या घरात तिने अर्धं आयुष्य काढलं, तिथे आपल्या पेटीत कोण कधी हात घालून गेलं हे तिला कधी कळायचं नाही. ते तिला आठवत असेल.

दोनेक वर्षं चांगली गेली. मग सावद्याकडची कुंदा आली. केळीवाल्या जीवरामभाऊंची ही मुलगी, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. हुशार, नीटनेटकी आणि जिभेने तिखट. वरच्या मजल्यावर, रस्त्याच्या बाजूची खोली तिची. तिच्याबरोबरची मुलगी कावीळ होऊन घरी गेली होती, म्हणून कुंदा एकटीच राहायची. संध्याकाळी ती टायपिंगच्या क्लासला जायची, आणि दिवेलागणीला परत यायची.

पावसाळा सरत आला होता. एके दिवशी कुंदा क्लासहून आली, तर खिडकी उघडी. ती बंद करून गेली होती. दोन दिवसांनी खाटेवरची चादर चुरगळलेली. मग पाण्याने भरून ठेवलेला तांब्या रिकामा. वस्तू एकही गेली नव्हती. पेटीवरचं घड्याळ जागच्या जागी होतं, डब्यातले लाडूही. पण आपल्या पाठीमागे आपल्या खोलीत कुणीतरी येऊन बसून जातं, ही गोष्ट चोरीहून वाईट. चोर निदान एकदाच येतो.

दुसरी किल्ली कुणाकडे होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

हौदावर सकाळी मुलींची गर्दी असताना कुंदाने बादली खाली ठेवली. "अक्का, किल्ली गळ्यात आहे म्हणून घर आपलंच समजायचं असतं का?"

"काय व्हयनं वं माय?"

"माझ्या खाटेवर रोज कोण लोळतं? पाणी कोण पितं? लाडू हवे असतील तर मागून घ्या ना. मी काय नाही म्हणाले असते?"

झुंबरबाईच्या हातातला झाडू थांबला. "कुंदा, तुझ्या खोलीत तू नसताना मी पाय ठेवलेला नाही," ती एवढंच म्हणाली. बोलताना तिचा हात आपोआप गळ्यातल्या दोऱ्याकडे गेला, आणि नेमकं तेच मुलींनी पाहिलं.

मग रीत बदलली. शनिवारी गावी गेलेल्या मुली सोमवारी परत आल्या त्या घरचं जुनं कुलूप पिशवीत घालून. एका कोयंड्याला दोन-दोन कुलपं लटकू लागली. कुंदाचं जादा कुलूप तेवढं अजून घरून यायचं होतं. व्हरांडा झाडताना झुंबरबाईला ती दिसायची. तिला पाहून मुली गप्प व्हायच्या, आणि गप्प होऊन पुन्हा काहीतरी भलतंच बोलायला लागायच्या. रेक्टरबाईंनी तिला बोलावून सांगितलं, "अक्का, माझा तुझ्यावर विश्वास आहे. पण कुंदाने घरी कळवलंय. जीवरामभाऊ रविवारी येतायत. पालक म्हणाले की ही बाई नको, तर मी तुला ठेवू शकणार नाही."

झुंबरबाईला जायला दुसरं ठिकाण नव्हतं. निंबाच्या एका खोलीत सहा माणसं झोपायची. पण नोकरीपेक्षा तिला ती दुसरी कुलपं जास्त लागत होती.

म्हणून ती कुंदा क्लासला गेल्यावर वरच्या जिन्याच्या वळणावर बसू लागली. पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी उन्हं कलली तशी पावलं वाजली. खालच्या मजल्यावरची सुमन वर आली. पहिल्या वर्षाची, पारोळ्याकडच्या खेड्यातली, अबोल पोर. इकडेतिकडे पाहून तिने स्वतःची किल्ली कुंदाच्या कुलपात घातली, आणि कुलूप उघडलं.

झुंबरबाई उंबऱ्यापर्यंत गेली. सुमन कुंदाच्या खाटेवर गुडघे टेकून, खिडकीचे गज धरून बाहेर पाहत होती.

"तू आठे काय करी रायनी वं?"

सुमन दचकून वळली. "अक्का, मी काहीच लिधं नही. देवानी आण."

"मग?"

"आठेथीन आमनी गाडी दिखस."

झुंबरबाईने बाहेर पाहिलं. हमरस्त्यावरून पारोळ्याकडची मुक्कामी एसटी येत होती. टपावर पोती, टोपल्या, एक उलटी बांधलेली सायकल. ही गाडी सुमनच्या गावी जाऊन रात्रभर तिथल्या पारापाशी उभी राहायची. तिच्या टपावर कधी शेजारच्या वनाकाकांचं बाचकं दिसायचं, कधी खिडकीत ओळखीचा फेटा. खालच्या मजल्यावरून रस्ता दिसत नव्हता, मध्ये भिंत होती. पहिल्याच आठवड्यात सुमन चुकून जिना चढून वर आली होती, आपलीच खोली समजून किल्ली लावली होती, आणि ती लागली होती. दार उघडल्यावर चूक कळली. पण समोरच्या खिडकीतून नेमकी गाडी जाताना दिसली.

"मी रोज येते नि म्हणते, आज शेवटचं," ती आता रडत होती. "अक्का, सांगू नका. बाबा लगेच घरी घेऊन जातील. त्यांना आधीच नको होतं मला शिकवायला."

गाडी निघून गेली. झुंबरबाईने तिच्याकडून किल्ली मागून घेतली, कुलूप लावलं आणि डोक्यावर पदर घेऊन तडक सुभाष चौक गाठला.

रुपचंदने सुमनची किल्ली आणि झुंबरबाईची किल्ली शेजारी शेजारी धरल्या. वसतिगृहाच्या किल्ल्यांच्या उंच्या त्याला अजून पाठ होत्या. त्याने मनातल्या मनात कुंदाची किल्ली आठवली आणि डोक्याला हात लावला.

"अक्का, घोळ झाला. या दोन पोरींचे चार दात सारखे आहेत. फरक फक्त दुसऱ्या दाताचा. आणि हिच्या किल्लीत दुसरा दात तुमचा आहे."

"मग काय झालं?"

"कुंदाच्या कुलपात तुमच्या उंचीला जोड आहेच ना! चार दात तिचे, एक तुमचा. पाचही पिना एका रेषेत. विहिरीवर एकच कुलूप असतं हो, तिथे बापाचा दात सगळ्यांकडे असला तरी काय बिघडतं? इथे कुलपं सतरा. ज्या किल्लीत तुमचे दात जास्त, ती दुसऱ्यांकडे चालणार." त्याने किल्ली खाली ठेवली. "कुलपात माया करायची नसते. एवढी वर्षं धंदा केला नि हे आज कळतंय."

झुंबरबाईने परत येऊन रेक्टरबाईंना सांगितलं ते इतकंच, की कुलपं नीट नाहीत, रविवारी सगळ्यांसमोर तपासा. सुमनचं नाव तिने काढलं नाही. त्याआधीच तिने सुमनची किल्ली सुमनला परत दिली होती.

रविवारी जीवरामभाऊ आले. पांढरीशुभ्र टोपी, हातात केळीची फणी, चेहरा भांडायला आलेल्या माणसाचा. रेक्टरबाईंनी सगळ्या मुलींना किल्ल्या घेऊन उभं केलं आणि सांगितलं, की शेजारणीच्या, खालच्या, वरच्या, दिसेल त्या कुलपाला आपली किल्ली लावून पाहा. पाच मिनिटांत वसतिगृहात जत्रा भरली.

"अय्या, माझी हिला लागली!"

"माझी तर तिघींना लागतेय!"

"थांब, तुझी मला का नाही लागत? इकडची तिकडे, पण तिकडची इकडे नाही?"

रेक्टरबाईंनी बोलावून घेतलेला रुपचंद कोपऱ्यातून पुढे आला. "चूक माझी आहे," तो जीवरामभाऊंसमोर हात जोडून म्हणाला. "या बाईंचा यात काही संबंध नाही."

जीवरामभाऊंनी टोपी काढून गुडघ्यावर आपटली. "आमच्या विहिरीचं नि धाकट्याच्या वैरणीच्या खोलीचं, दोन्ही कुलपं तुझीच की रे रुपचंद! तरीच म्हणतो, माझ्या विहिरीच्या किल्लीने ती खोलीही उघडते." सगळे हसले. भांडण तिथेच विरघळलं. "अक्का, पोरीचं बोलणं मनावर घेऊ नका," असं म्हणून केळीची फणी त्यांनी झुंबरबाईच्या हातात दिली.

रुपचंदने सगळ्या कुलपांच्या पिना नव्याने केल्या, पैसे न घेता. या वेळी अक्काची उंची त्याने कुणालाही दिली नाही. तिच्या किल्लीचे पाचही दात फक्त तिचे, दुसऱ्या कुणाच्या किल्लीत त्यातला एकही नाही. कोयंड्यावरची दुसरी कुलपं एकेक करून उतरली.

एक सोडून. वडिलांनी आणलेलं जादा कुलूप कुंदाने काढलं नाही. त्या रविवारी सगळ्या पांगल्यावर ती जिन्याखालच्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली होती.

"अक्का, कुलूप वाईट होतं, पटलं. पण पाणी काही कुलूप पीत नाही. कोण यायचं?"

झुंबरबाई खाटेवर बसली होती. "ते मी नाही सांगणार."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे."

"हो."

"मग मी काय समजायचं? तुम्ही नव्हता हे तुम्हीच सांगणार, आणि कोण होतं तेही नाही सांगणार?"

"तुला जे समजायचं ते समज, पोरी. मी तुझ्या खोलीत गेले नव्हते. याच्यापुढे माझ्याकडे काही नाही."

कुंदा निघून गेली. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ती झुंबरबाईशी कामापुरतं बोलली. बाकी मुली पूर्वीसारख्या येऊन बसायच्या, डोक्याला तेल लावून घ्यायच्या, चिडवायच्या. पण झुंबरबाई व्हरांडा झाडत कुंदाच्या दारापर्यंत आली, की तिचा झाडू हळू व्हायचा.

टायपिंगची परीक्षा संपली आणि कुंदा संध्याकाळी खोलीत बसू लागली. एके दिवशी झुंबरबाई जिन्याच्या पायरीवर मेथी निवडत बसली होती. उन्हं कलली होती. सुमन तिच्या बाजूने वर गेली. दोन पायऱ्या चढून थांबली, मागे वळून पाहिलं. झुंबरबाईने मेथीची पुढची काडी उचलली. सुमन पुन्हा चढू लागली. वर दारावर टकटक झाली. कडी निघाली.

"काय गं?"

सुमनचा बारीक आवाज. "ताई, तुमच्या खिडकीतून जरा रस्ता पाहू? आमच्या गावची गाडी जाते. आधी मी... न विचारता पाहायची."

मेथीची जुडी हातात धरून झुंबरबाई तशीच बसून राहिली.

"तू?" कुंदाचा आवाज चढला. "म्हणजे ती तू होतीस? सगळ्या वसतिगृहासमोर मी त्या बाईला..." आणि एकदम थांबली. मग म्हणाली, "तांब्या भरून ठेवायला काय हात मोडले होते तुझे?"

सुमन रडायला लागली असावी.

"रडतेस काय, ये आत. गाडी गेली तर पुन्हा माझ्याच नावाने रडशील. चपला काढ. चादर आजच धुतलीय."

रस्त्यावर हॉर्न वाजला. वर खाट करकरली. थोड्या वेळाने जिन्यावर पावलं आली, आणि कुंदा झुंबरबाईच्या शेजारच्या पायरीवर बसली. तिने ताटातली मेथी थोडी आपल्याकडे ओढली.

"अक्का, मी तुला बोलले."

"बोललीस," झुंबरबाई म्हणाली. "मले खूप लागनं व्हतं."

कुंदाने मान हलवली. तिचे डोळे भरून आले होते, पण तिने ते पुसले नाहीत आणि झुंबरबाईनेही पुसले नाहीत. दोघी मेथी निवडत राहिल्या.

"एवढ्या जाड काड्या ठेवू नको," काही वेळाने झुंबरबाई म्हणाली. "भाजी सगळ्यांना खायची आहे."